तुमच्या दुचाकीचा शॉकअप दमलाय का?

इंजिन ऑइल तुम्ही वेळेवर बदलता. टायरमध्ये हवा भरता. ब्रेक लागेनासा झाला की लगेच गॅरेज गाठता. पण मागे बसलेलं माणूस “जरा हळू, फार आदळतंय” म्हणालं, की आपण काय करतो? रस्त्याला दोन शब्द सुनावतो आणि पुढे जातो. रस्ते खराब आहेतच. तरीही एकदा आठवून पाहा, दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर हीच गाडी इतकी आदळत होती का?

शॉकअप, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, एका दिवसात बिघडत नाही. तो रोज थोडा थोडा झिजतो आणि आपल्याला त्याची सवय होत जाते. म्हणून गाडीत इतर कशाहीपेक्षा या भागाकडे आपलं लक्ष उशिरा जातं. बहुतेकांना वाटतं की शॉकअप फक्त आरामासाठी असतो, थोडे धक्के सोसले की झालं. खरं म्हणजे त्याचं पहिलं काम आहे टायर रस्त्याला चिकटून ठेवणं. खड्ड्यानंतर चाक उड्या मारत राहिलं, तर जितका वेळ ते हवेत तितका वेळ ब्रेकही उपयोगाचा नाही आणि हँडलही. त्यामुळे प्रश्न पाठीचा आहे तसाच वेळेवर थांबण्याचाही आहे.

स्प्रिंगचं काम वेगळं, तेलाचं वेगळं

शॉकअपमध्ये दोन गोष्टी असतात. बाहेरून दिसते ती स्प्रिंग. आत असतो तेलाने भरलेला सिलिंडर, त्यात बारीक छिद्रं असलेला पिस्टन. स्प्रिंग गाडीचं आणि माणसांचं वजन पेलते आणि खड्ड्यात चाक गेलं की दबते. पण दबलेली स्प्रिंग तितक्याच जोराने परत उसळते. तिला एकटी सोडली तर गाडी प्रत्येक खड्ड्यानंतर पाळण्यासारखी वरखाली होत राहील.

ही उसळी आवरायचं काम तेल करतं. रंगपंचमीची पिचकारी आठवा. दांडा हळू ढकलला तर पाणी सहज बाहेर येतं, जोरात ढकलला तर हाताला विरोध जाणवतो. शॉकअपमधलं तेलही छिद्रांतून जाताना असाच विरोध करतं. स्प्रिंगमधला जोर त्यात खर्च होतो आणि त्याची उष्णता होते. खराब रस्त्यावरून लांब फिरून आल्यावर शॉकअप कोमट लागतो, तो त्यामुळेच.

हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गाडी फार खाली बसत असेल तर प्रश्न स्प्रिंगचा किंवा वजनाचा असतो. गाडी उसळत, झुलत राहत असेल तर प्रश्न तेलाचा असतो. पहिल्यावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही.

घरच्या घरी पाच मिनिटांची तपासणी

गाडी सपाट जागी उभी करा आणि कुणाला तरी मदतीला घ्या.

मागचा शॉकअप: गाडी स्टँडवरून काढून सरळ धरा. दोन्ही हातांनी सीटचा मागचा भाग जोरात खाली दाबा आणि सोडा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर तेल काम करतंय. दोन-तीन वेळा वरखाली झाली तर ते थकलं आहे.

पुढचे शॉकअप: पुढचा ब्रेक धरून हँडल खाली दाबा आणि सोडा. इथेही तेच पाहायचं. दाबताना अडकल्यासारखं वाटलं, तर पाइप वाकलेला असू शकतो.

गळती: पुढच्या चमकत्या पाइपवरून बोट फिरवा. तेलाचा ओला थर किंवा तेलात भिजलेल्या धुळीचं काळं कडं दिसलं तर सील गळतंय. मागच्या शॉकअपची दांडी आणि खालचा भागही पाहा.

आवाज: पुढचा ब्रेक धरून गाडी पुढे-मागे हलवा. टक्-टक् असा आवाज आला तर दुसऱ्या हाताची बोटं हँडलखालच्या जोडावर ठेवा. हालचाल तिथे जाणवली तर कोनसेट सैल आहे. तिथे काही नसेल आणि खाली पाइपच्या जोडात जाणवली, तर शॉकअपचे बुश झिजलेत. हे दोन आवाज अगदी सारखे असतात आणि चुकीचा भाग बदलला जाण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

टायर: टायरवर ठरावीक अंतराने खोलगट झीज दिसत असेल तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाही, अशी शंका घ्या.

मागची रिंग केव्हा आणि किती फिरवायची?

बहुतेक मोटारसायकलींच्या आणि काही स्कूटरच्या मागच्या शॉकअपवर स्प्रिंगच्या एका टोकाला पायऱ्या असलेली रिंग असते. काहींना 3 पायऱ्या असतात, बऱ्याच मोटारसायकलींना 5. ती फिरवली की स्प्रिंग आधीपासूनच थोडी दाबून ठेवली जाते. याला प्रीलोड म्हणतात.

रिंग फिरवल्याने स्प्रिंग जाड किंवा ताकदवान होत नाही. फक्त वजन पडल्यावर गाडी किती खाली बसते, ते बदलतं. एकट्याने चालवताना गाडी ज्या उंचीवर असते, जवळपास तीच उंची डबलसीट असतानाही राहावी, यासाठी ही सोय आहे.

ती न वापरण्याचे परिणाम तुम्ही रोज पाहता. मागे वजन जास्त आणि रिंग सर्वांत मऊ पायरीवर असेल तर गाडीचं मागचं अंग खाली बसतं. पुढचा भाग वर उचलला जातो आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. वळणावर हँडल हलकं वाटतं आणि मोठ्या खड्ड्यात शॉकअप तळाला जाऊन धाडकन आपटतो.

उलट, एकट्याने चालवताना रिंग सर्वांत कडक ठेवली तर चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जागाच उरत नाही. ते खड्ड्यावरून उडी मारतं आणि धक्का थेट कमरेत येतो.

रिंग फिरवायला गाडीच्या टूलकिटमध्ये सी आकाराचा पाना असतो. गाडी मेन स्टँडवर लावा, सायलेन्सर थंड होऊ द्या आणि पाना खाचेत नीट बसवून एकेक पायरी फिरवा. स्प्रिंग जास्त दाबली जाते ती दिशा कडक. दोन शॉकअप असतील तर दोन्ही रिंगा एकाच पायरीवर हव्यात. डावी-उजवीकडे वेगवेगळ्या पायऱ्यांवर ठेवलेली गाडी सरळ रस्त्यावरही विचित्र वागते. स्क्रूड्रायव्हर आणि हातोडीने रिंग ठोकू नका. खाच तुटली की ती कायमची अडकते.

टेप घ्या आणि मोजा

अंदाजापेक्षा मोजमाप बरं. तीन माणसं आणि एक टेप पुरे. मुलांना हे काम आवडतं आणि त्यांना थोडं भौतिकशास्त्रही कळतं.

गाडी मेन स्टँडवर लावा. मागचं चाक अधांतरी असू द्या. चाकाच्या मधल्या नटापासून सरळ वर, सीटखालच्या एखाद्या पक्क्या जागेपर्यंतचं अंतर मोजा आणि त्या जागेवर चिकटपट्टी लावा. समजा, अंतर 540 मिमी आलं. आता गाडी स्टँडवरून काढा. चालवणाऱ्याने रोजच्या कपड्यांत, हेल्मेट आणि बॅगेसह नीट बसावं. दुसऱ्याने गाडी सरळ धरावी. एकदा हलकेच दाबून सोडा, मग तिसऱ्याने तेच अंतर मोजावं. समजा, ते 512 मिमी आलं. फरक 28 मिमी. गाडी तुमच्या वजनाने इतकी खाली बसते.

हा फरक मागच्या चाकाच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश असावा. रोजच्या वापराच्या बऱ्याच मोटारसायकलींत ही हालचाल 80 ते 120 मिमीच्या दरम्यान असते. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात पाहा. 100 मिमी असेल तर 25 ते 33 मिमी ठीक. फरक जास्त असेल तर रिंग एक पायरी कडक करा, कमी असेल तर एक पायरी मऊ. मग पुन्हा मोजा. हेच डबलसीट बसूनही करा आणि दोन्ही पायऱ्या मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा.

सर्वांत कडक पायरीवरही गाडी फार खाली बसत असेल, तर स्प्रिंग थकली आहे किंवा वजन मर्यादेपेक्षा जास्त आहे. बऱ्याच छोट्या स्कूटर आणि मोटारसायकलींची एकूण भारमर्यादा 130 ते 150 किलोच्या घरात असते. 75 किलोचा चालक, 60 किलोची व्यक्ती मागे आणि पुढे पायाशी भरलेला घरगुती गॅस सिलिंडर, जो एकटाच सुमारे 30 किलोचा असतो. बेरीज 165 झाली. इथे कोणतीही रिंग मदतीला येणार नाही. कायदाही दुचाकीवर चालकामागे एकाच व्यक्तीला परवानगी देतो. त्यामागे तोल, ब्रेक आणि शॉकअप यांचं हेच गणित आहे.

पुढचे शॉकअप: गळतंय म्हणजे सगळं गेलं असं नाही

पुढच्या शॉकअपमध्ये एका नळीत दुसरी नळी सरकते. तेल आत राखण्यासाठी तोंडाशी रबराचं ऑइल सील असतं आणि त्यावर धूळ अडवणारं डस्ट सील. पावसाळ्यात चिखल पाइपवर वाळतो, पाइप वरखाली होतो आणि वाळूचे कण सीलच्या ओठाखाली जाऊन बसतात. तिथून तेल झिरपायला लागतं. गळती अगदी ताजी असेल तर कधी कधी नुसती नीट सफाई केल्यावरही ती थांबते. थांबली नाही तर शॉकअप उघडावा लागतो.

तेलाची गळती चालवून घेऊ नका. हे तेल पाइपवरून खाली उतरतं आणि डिस्क ब्रेकवर गेलं तर ब्रेक ऐन वेळी लागणार नाही.

उघडण्याचं काम गॅरेजचंच आहे, कारण चाक काढावं लागतं आणि वरच्या बोल्टखाली स्प्रिंग दाबलेली असते. पण तिथे काय व्हायला हवं, हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. जुनं तेल पूर्ण काढायचं. ते करडं-काळं आणि चमचमणारं दिसलं तर आत धातू झिजतोय. सगळे भाग धुऊन पुसायचे. पाइप सपाट काचेवर लोळवून सरळ आहे का पाहायचं. ऑइल सील आणि डस्ट सील दोन्ही बाजूंचे नवे घालायचे आणि बुश झिजले असतील तर तेही बदलायचे.

सगळ्यात महत्त्वाची पायरी तेल भरण्याची. छोट्या मोटारसायकलीच्या एका पायात चहाच्या एक-दोन कपांइतकंच तेल मावतं. त्यामुळे अर्ध्या कपाचा फरकही मोठा ठरतो. तेल मापाच्या भांड्यानेच भरायला सांगा, दोन्ही बाजूंना अगदी सारखं. जास्त तेल घातलं की आतली हवेची जागा कमी होते, शॉकअप शेवटी दगडासारखा होतो आणि नवं सील पुन्हा फुटतं. कमी घातलं तर उसळी आवरत नाही. घट्ट तेल घातलं की शॉकअप चांगला होतो, हाही गैरसमज आहे. फार घट्ट तेल छिद्रांतून वेळेत जाऊ शकत नाही, मग लागोपाठच्या खड्ड्यांत चाक परत खाली यायच्या आतच पुढचा खड्डा येतो. इंजिनचं उरलेलं ऑइल तर चुकूनही नको. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच फोर्क ऑइल वापरा.

नवं सील घालूनही महिन्याभरात पुन्हा गळायला लागलं, तर पाइप तपासा. गंजाचे बारीक खड्डे करवतीसारखे सील कापतात. असा पाइप बदलावा लागतो किंवा त्यावर पुन्हा हार्ड क्रोम करून घ्यावा लागतो. सील स्वस्त असतं, पाइप महाग. म्हणूनच पाइप आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसण्याची सवय फायद्याची.

मागचा शॉकअप: उघडायचा की बदलायचा?

रोजच्या बहुतेक गाड्यांचे मागचे शॉकअप कारखान्यातच बंद केलेले असतात. ते उघडून दुरुस्त करण्यासाठी बनवलेलेच नसतात. त्यातलं तेल गळालं किंवा थकलं, की दोन्ही बाजूंचे शॉकअप एकदम बदलायचे. एकच बदलला तर जुना आणि नवा वेगवेगळ्या जोराने काम करतात.

काही ठिकाणी बंद शॉकअपला भोक पाडून तेल भरतात आणि वेल्डिंग करून देतात. स्वस्त वाटतं, पण वेल्डिंगच्या उष्णतेने आतलं रबर जळतं. शिवाय अनेक शॉकअपमध्ये दाबाखाली वायू भरलेला असतो. अशा नळीला भोक पाडणं किंवा तापवणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. त्यावरच्या लेबलवर हा इशारा छापलेला असतो.

वायू कशासाठी? शॉकअप भराभर वरखाली झाला की तेलात बुडबुडे होतात आणि फेसाळलेलं तेल विरोध करत नाही. दाबाखालचा वायू बुडबुडे होऊ देत नाही. फ्रेंच अभियंता क्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बों यांनी 1950च्या दशकात एका नळीचा असा शॉकअप पुढे आणला. आपल्याकडे बजाज पल्सरच्या मागच्या शॉकअपला जोडलेली छोटी डबी आणि तिच्यावरचं ‘नायट्रॉक्स’ हे नाव अनेकांना आठवत असेल. त्या डबीत वायूच असतो.

महागड्या मोटारसायकलींचे काही मोनोशॉक मात्र उघडून पुन्हा बांधता येतात. त्यात तेल, सील आणि पिस्टनवरची पट्टी बदलून नायट्रोजन भरतात. हा दाब बऱ्याचदा 150 ते 300 पीएसआय असतो, म्हणजे टायरच्या कितीतरी पट. साधी हवा चालत नाही, कारण तिच्यातली वाफ आणि ऑक्सिजन आतले भाग खराब करतात. हे काम नायट्रोजनची सोय असलेल्या, शॉकअपचंच काम करणाऱ्या कार्यशाळेकडेच द्या.

बर्फातल्या लोकांची सवय

गुलमर्गला गेला असाल तर बर्फावर धावणारी स्नोमोबाइल पाहिली असेल. जोझेफ-आर्मां बोम्बार्डिए यांची ‘स्की-डू’ 1959 मध्ये कॅनडात आली आणि ही गाडी घराघरांत पोहोचली. तिला पुढे दोन स्की आणि मागे रबरी पट्टा असतो. साधारणपणे पुढे दोन आणि पट्ट्याच्या आत दोन, असे चार शॉकअप असतात. थंडीत तेल घट्ट होतं, रबर कडक होतं आणि वितळलेलं पाणी सीलपाशी साचतं. म्हणून तिथले हौशी चालक हंगाम संपला की चांगल्या प्रतीचे शॉकअप उघडून तेल आणि सील बदलून घेतात, नायट्रोजन भरतात आणि मग आपल्या वजनानुसार स्प्रिंग लावतात. गळायची वाट पाहत नाहीत.

आपल्या बंद शॉकअपचं तसं करता येत नाही, पण पुढच्या शॉकअपचं नक्की करता येतं. त्यांचं तेल किती किलोमीटरनंतर बदलायचं, हे मॅन्युअलमध्ये पाहा. अनेक गाड्यांत ते विकल्यापासून एकदाही बदललेलं नसतं. पावसाळा संपल्यावरची सर्व्हिसिंग त्यासाठी चांगली वेळ.

रोजच्या काही सवयी

टायरची हवा आधी तपासा. जास्त हवा भरली की चांगला शॉकअपही कडक वाटतो.

गाडी धुताना जोराच्या पाण्याचा फवारा सीलवर सरळ मारू नका. धुतल्यावर डिझेल किंवा रॉकेल फवारायची पद्धतही थांबवा. चमक येते, पण सील आणि रबरी बुश फुगून खराब होतात.

गतिरोधकाच्या आधी वेग कमी करा, त्यावर नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीनुसार गोलाकार गतिरोधक 10 सेंमी उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा आणि तो 25 किमी वेगाने ओलांडता यावा. आपल्या गल्लीतले किती गतिरोधक तसे असतात, ते तुम्ही जाणताच. चाक उंचवट्यावर चढताना ब्रेक दाबून ठेवला तर पुढचा शॉकअप आधीच दबलेला असतो आणि धक्का घ्यायला जागा उरत नाही.

जुनी गाडी घेताना रंगाआधी पुढचे पाइप पाहा. एक पाइप कोरडा आणि दुसरा तेलकट असेल, किंवा मागचे दोन शॉकअप वेगवेगळ्या बनावटीचे असतील, तर तेवढी रक्कम किमतीतून कमी करून घ्या.

गॅरेजमध्ये शॉकअपचं काम दिलंत तर चार गोष्टी विचारा. तेल कोणत्या ग्रेडचं आणि किती मिली घालणार? सील दोन्ही बाजूंचे बदलणार का? पाइप सरळ आहे का, गंज आहे का? काढलेले जुने भाग परत मिळतील का? जाणकार मेकॅनिक या प्रश्नांनी रागावत नाही.

आणि गाडी परत आली की पुन्हा सीट दाबून सोडा. एकदाच वर येऊन थांबली तर काम झालं. त्या दिवशी मागे बसणाऱ्या माणसालाही विचारा. ती जागा मागच्या चाकाच्या जवळ असते आणि शॉकअप दमल्याचं सर्वांत आधी तिथेच कळतं.